न मोजता बोललो

बत्तीस वर्षं मी निपाणीत पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. प्रॅक्टिकलच्या तासाला माझं एक वाक्य ठरलेलं असे : "आधी रीडिंग, मग तोंड." ब्युरेट न वाचता उत्तर सांगणाऱ्या पोराला मी अख्ख्या बॅचसमोर उभं करत असे. निवृत्तीनंतर मुलाकडे बेंगळुरूला, बेळ्ळंदूरला राहायला आलो आणि इथल्या पोहण्याच्या तलावातल्या पाण्याबद्दल वर्षभर एकही रीडिंग न घेता तोंड चालवलं. त्यात एका माणसाचं काम गेलं. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आमची वसाहत लहान आहे. सर्जापूर रस्त्याच्या बाजूने आत आलं की 14 रो-हाऊसेस, मधोमध थोडी हिरवळ आणि हिरवळीच्या टोकाला 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद असा तलाव. सगळे त्याला पूल म्हणतात. पूल म्हटलं की मला अजूनही वेदगंगेवरचा पूल आठवतो, पण सवय झाली. बिल्डरने घरं विकताना तो दाखवला, पोरांनी हट्ट धरला, आणि आता त्याची देखभाल 14 घरांच्या गळ्यात आहे.

बेळ्ळंदूरमध्ये राहणाऱ्याला पाण्याच्या वासाची एक वेगळी जाण असते. शहरातलं सर्वांत मोठं तळं आमच्या उशाशी आहे. शहराचं सांडपाणी, त्यातले साबण आणि फॉस्फेट वर्षानुवर्षं पोटात घेऊन ते फेसाळलं. मे 2015 मध्ये त्या फेसाला आग लागली, फेब्रुवारी 2017 मध्ये पुन्हा धूर निघाला आणि जानेवारी 2018 मध्ये तर आग विझवायला लष्कराचे जवान उतरले. पाण्यात आग मी वर्गात सोडियमचा खडा टाकून दाखवत असे. इथे तळ्याच्या काठालाच ती लागत होती. मी आलो तेव्हा आगी थांबलेल्या होत्या, गाळ काढण्याचं काम चालू होतं. पण वारा फिरला की वास यायचा. त्यामुळे माझं नाक कायम सावध असे आणि या नाकावर माझा फार विश्वास होता.

क्लोरीनशी तर माझं वैरच. वर्गात क्लोरीन शिकवताना मी नेहमी 22 एप्रिल 1915 पासून सुरुवात करायचो, ईप्रच्या रणभूमीवर जर्मनांनी सोडलेल्या पिवळट हिरव्या ढगापासून. पोरं कान टवकारायची. त्याच क्लोरीनने 1908 मध्ये जर्सी सिटीचं पिण्याचं पाणी निर्धोक केलं, हे वाक्य मी तासाच्या शेवटी घंटेच्या आवाजात उरकायचो. आणि त्याही आधीचं एक कारण. माझं गाव कागल तालुक्यातलं. ग्रामपंचायतीचा शिपाई आडात टीसीएल पावडर टाकून गेला की आई त्या दिवशीचं पाणी भरत नसे. "औषध मारलंय पाण्याला," म्हणायची आणि मळ्यातल्या विहिरीवर जायची. आरोग्य खात्याचा माणूस यायचा, नळीत पाणी घेऊन ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचा, पाणी पिवळं झालं की मान डोलावून वहीत लिहायचा. आम्ही पोरं हसायचो. पाण्याला औषधाचा वास आला म्हणजे काहीतरी जास्त पडलं, एवढंच आमच्या घरात ठरलेलं होतं. पुढे मी एम.एस्सी. झालो, पण हे घरातलं ज्ञान एम.एस्सी.च्या खाली तसंच शाबूत राहिलं.

2023 च्या उन्हाळ्यात नात पोहून आली ती डोळे चोळतच. "आजोबा, चुरचुरतंय." डोळे लालबुंद. मी संध्याकाळी पुलापाशी गेलो. क्लोरीनचा उग्र दर्प. (मी तेव्हा त्याला क्लोरीनचाच दर्प म्हणत होतो.) पुलाची राखण करणारा मुलगा यादगिरीकडचा, पंचविशीचा. कंत्राटदाराने नेमलेला. सकाळी जाळी फिरवायचा, पंप लावायचा, डब्यातली पांढरी भुकटी मापाने टाकायचा. मी सीमाभागातला, त्यामुळे कन्नड मला घरचीच. त्याला झापलं, "अरे, किती टाकतोस? पोरांचे डोळे जातील." तो हातातली जाळी खाली ठेवून म्हणाला, "मेष्ट्रे, वासने बंद्रे मद्दु कम्मी आगिदे." मास्तर, वास आला म्हणजे औषध कमी पडलंय.

मी हसलो. तसाच, लहानपणी ओटीवाल्याला हसायचो तसा. आणि त्याला म्हणालो की मी बत्तीस वर्षं क्लोरीन शिकवलाय.

त्या महिन्याच्या बैठकीत मी बोललो. मास्तरकीचा एक फायदा असतो, माणसं ऐकतात. ईप्र सांगितलं, फुफ्फुसं सांगितली, लहान मुलांची नाजूक त्वचा सांगितली. ठराव झाला की औषध निम्मं करायचं. शिवाय मी म्हणालो की हा मुलगा मापाचा नाही आणि उलट बोलतो. दुसऱ्या आठवड्यात कंत्राटदाराने त्याला काढून घेतलं आणि दुसरा माणूस पाठवला. माझ्या दृष्टीने प्रश्न मिटला.

प्रश्न वाढला. औषध निम्मं केल्यावर दहाएक दिवसांत वास आणखी चढला. मी म्हणालो, आधीचं साठलेलं असेल. पावसाळ्याच्या तोंडाला पाणी गढूळ झालं, मग कोपऱ्यांत शेवाळ धरलं, फरशी बुळबुळीत झाली. कंत्राटदाराने तुरटी फिरवली आणि मोरचूद टाकलं. दोन दिवसांत पाणी निळंशार. मी नातीला म्हणालो, "बघ, क्लोरीन कमी केल्यावर पाणी कसं आकाशासारखं झालं." त्या आकाशात मोरचुदाचा वाटा होता हे मला, कॉपर सल्फेटचे स्फटिक हजारदा वर्गात फिरवलेल्या माणसाला, सुचलं नाही. त्या पावसाळ्यात वसाहतीतल्या दोन मुलांचे कान दुखले, त्यात एक आमची नात. ते पुलामुळेच झालं असं मी सिद्ध करू शकत नाही. पण नाही झालं असंही तेव्हा मी सिद्ध केलं नव्हतं. मी काही सिद्ध करतच नव्हतो.

मग 2024 चा उन्हाळा आला. या भागाचा खाक्याच असा : सप्टेंबर 2022 मध्ये बेळ्ळंदूरच्या रस्त्यांवरून माणसांना ट्रॅक्टरमधून न्यावं लागलं होतं, आणि दीड वर्षाने त्याच रस्त्यांवर टँकरची वाट पाहत आम्ही उभे होतो. बोअरवेल आटल्या. जिल्हा प्रशासनाने टँकरचे दर बांधून दिले, 5 किलोमीटरच्या आत 12 हजार लिटरला 1000 रुपये. मार्चमध्ये पाणीपुरवठा मंडळाने पोहण्याच्या तलावांसाठी पिण्याचं पाणी वापरायला बंदी घातली, दंड 5000 रुपये. आमच्या पुलात कावेरीचं पाणी नव्हतंच, पण लाजही काही असते. आम्ही ठरवलं की पुलाला नवं पाणी द्यायचं नाही आणि फिल्टरचं बॅकवॉशही बंद, कारण त्यात दर वेळी हजारो लिटर पाणी गटारात जातं. निर्णय चांगल्या मनाने घेतला होता. त्याचा परिणाम काय होईल हे कुणी मोजलं नाही.

एप्रिलच्या शेवटी पुलाजवळ उभं राहवेना. पुन्हा बैठक. मी पुन्हा उठलो. म्हणालो, क्लोरीन पूर्ण बंद करा. समोर बसलेल्या एका शेजारणीने, तिची दोन्ही मुलं रोज पोहायची, शांतपणे विचारलं, "अंकल, आत्ता किती आहे?"

"काय किती?"

"क्लोरीन. किती पीपीएम?"

"वासावरून कळतं," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी खाली बसलो आणि माझ्या डोळ्यांसमोर ती सगळी पोरं आली, ब्युरेट न वाचता उत्तर सांगितलं म्हणून उभी केलेली.

त्या रात्री मुलाला सांगून थेंबांची चाचणी पेटी मागवली. चार दिवसांत आली. प्लास्टिकची डबी, त्यात आठ-दहा बाटल्या, एक नळी, आणि तळाला काळा ठिपका असलेली दुसरी एक नळी. बाटल्यांवरची नावं वाचताना एका बाटलीपाशी थांबलो. फेरस अमोनियम सल्फेट. म्हणजे मोहर सॉल्ट. पीयूसीच्या परीक्षेत पोटॅशियम परमँगनेटशी ज्याचं टायट्रेशन मी दरवर्षी शेकडो मुलांकडून करून घेतलं, तोच क्षार. पुलातला क्लोरीन मोजायचं साधन मी बत्तीस वर्षं हातात धरून उभा होतो.

पहाटे सहाला पुलापाशी गेलो. कोपरापर्यंत हात बुडवून नमुना घेतला, वरच्या थराचा घ्यायचा नसतो. 10 मिलीलिटर पाणी, त्यात चिमूटभर डीपीडी नावाची भुकटी. गुलाबी झालं. मग मोहर सॉल्टचे थेंब, एकेक, नळी हलवत. एक थेंब म्हणजे अर्धा पीपीएम. तीन थेंबांत रंग गेला. मोकळा क्लोरीन 1.5. मग तिसऱ्या बाटलीतले थेंब टाकले आणि गुलाबी रंग पुन्हा उमटला, आधीपेक्षा गडद. तो घालवायला आणखी पाच थेंब लागले. म्हणजे 2.5 पीपीएम क्लोरीन असा, जो घामातल्या आणि लघवीतल्या नायट्रोजनला चिकटून बसला होता.

याला क्लोरामाइन म्हणतात. उग्र वास त्याचा, डोळ्यांची चुरचुर त्याची. मोकळ्या क्लोरीनला पुलातल्या प्रमाणात जवळजवळ वासच नसतो. घाण जास्त आणि मोकळा क्लोरीन कमी पडला की तो घाणीशी अर्धवट झुंजून अडकतो, आणि मग वास सुटतो. उपाय क्लोरीन कमी करणं हा नसतो. इतका घालावा लागतो की अडकलेलं सगळं जळून जाईल. थोडक्यात, वासने बंद्रे मद्दु कम्मी आगिदे. पुलाच्या काठावर उकिडवं बसून मी हे वाक्य दोनदा पुटपुटलो.

पण हे अर्धंच होतं. पुढची चाचणी पी.एच.ची. फिनॉल रेड टाकलं. पट्टीवरचा शेवटचा रंग 8.2 चा, आमचं पाणी त्याच्याही पलीकडे गडद. साध्या पाण्यात पी.एच. 7.5 असेल तर क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारणाऱ्या हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो. 8 ला पोचलं की जेमतेम पाव. हे समीकरण मी फळ्यावर लिहिलेलं आहे, पी-के-एसह. नंतर अल्कली : हिरव्याचं लाल होईपर्यंत थेंब मोजले, 280. मग कडकपणा : दारूसारखा लाल रंग जाऊन निळा येईपर्यंत, 460. बोअरवेलच्या पाण्याचा हा गुणच. फरशांवरची पांढरी रेघ मी आजवर कंत्राटदाराचा आळस समजत होतो. तो आमच्याच जमिनीतला चुना होता.

शेवटची चाचणी काळ्या ठिपक्याची. पाण्यात मेलामाइनचं द्रावण मिसळायचं, ते दुधाळ होतं, ते हळूहळू नळीत ओतायचं आणि तळाचा ठिपका कधी दिसेनासा होतो ते वरून बघायचं. माझा ठिपका ओतायला लागल्या लागल्या गेला. नमुना चौपट पातळ करून पुन्हा केलं. 55. म्हणजे मूळ पाण्यात 220 पीपीएम सायन्युरिक आम्ल.

हे कुठून आलं? त्या पांढऱ्या भुकटीतून. बाजारात तिला टीसीसीए म्हणतात, ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल. ती स्वस्त पडते, टिकते, ठेवायला सोपी, म्हणून कंत्राटदारांची लाडकी. तिच्यातला क्लोरीन कामाला लागून संपतो, पण सायन्युरिक आम्ल मागे राहतं. थोडं असलं तर ते चांगलंच. उघड्या पुलात ते नसेल तर दुपारच्या उन्हात दोन तासांत बहुतेक सगळा क्लोरीन उडून जातो. 30 ते 50 पीपीएम असलं की क्लोरीनला छत्री मिळते. पण ते उडत नाही, आटत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही. आमच्या 60 हजार लिटरच्या पुलात किलोभर भुकटी टाकली की 9 पीपीएम सायन्युरिक वाढतं. पुरात चिखल शिरल्यानंतर 2022 अखेरीस पूल रिकामा करून भरला होता, तेव्हापासून आठवड्याला कधी किलो, कधी अर्धा किलो पडत होती. बॅकवॉशमध्ये थोडं बाहेर जायचं. ते आम्ही मार्चमध्ये पाणी वाचवायला बंद केलं आणि उरलेली वाटही बुजवली. सायन्युरिक जितकं जास्त तितका क्लोरीन त्याला बांधून राहतो. पूलवाल्यांचा ठोकताळा असा की मोकळा क्लोरीन सायन्युरिकच्या साडेसात टक्के तरी हवा. 220 ला म्हणजे साडेसोळा पीपीएम. आमचा दीड. छत्री इतकी मोठी झाली होती की खाली कुणी जिवंत आहे की नाही तेच कळत नव्हतं.

म्हणजे त्या मुलाचं बरोबर होतं, माझं चूक होतं, आणि कंत्राटदाराच्या भुकटीचंही चूक होतं. तिन्ही गोष्टी एका पेटीतून अर्ध्या तासात कळल्या. मी माझ्या मुलाला उठवून आकडे सांगितले. तो झोपेत म्हणाला, "बाबा, हे तुम्ही गेल्या वर्षीच करायला हवं होतंत." माझं वाक्य माझ्याच घरात परत आलं होतं.

आता पेच. सायन्युरिक कमी करायचा व्यवहारी मार्ग एकच, पाणी बदलणं. 220 वरून 55 वर यायला तीन चतुर्थांश, 45 हजार लिटर. मे महिन्यात, शेजारच्या वस्तीत बायका घागरी घेऊन उभ्या असताना, चार टँकर पोहण्यासाठी मागवायचे? मी तेव्हा बैठकीत तिसऱ्यांदा उठलो, पण या वेळी कागद घेऊन. आकडे वाचले. माझं चुकलं हे सांगितलं. पूल पोहायला बंद ठेवायचा आणि पावसाची वाट बघायची असं ठरलं.

2 जूनला शहराच्या वेधशाळेत 111 मिलिमीटर पाऊस झाला, जूनमधल्या एका दिवसाचा विक्रम. आमच्या 14 छतांचं क्षेत्रफळ मी आधीच काढून ठेवलं होतं, साधारण 1100 चौरस मीटर. 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे 11 हजार लिटर. गळती धरली तरी 9 हजार हातात. 111 च्या हिशेबाने जवळजवळ लाख लिटर एका रात्रीत. आणि ते सगळं आमच्या डोळ्यांदेखत राजकालुवेत, म्हणजे पावसाच्या मोठ्या नाल्यात गेलं आणि तिथून तळ्यात, कारण छताचे पाइप कचऱ्याने तुंबलेले आणि जमिनीतल्या टाकीचा फिल्टर कधी उघडलेलाच नव्हता. बेंगळुरूत पाऊसपाणी साठवणं 2009 पासून कायद्याने सक्तीचं आहे. टाकी होती, पाटी होती, पाणी नव्हतं. इथेही कुणी रीडिंग घेतलं नव्हतं.

पाइप साफ केले. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात दोन हप्त्यांत पाणी बदललं. पूल एकदम रिकामा करायचा नाही, हे एका जुन्या बांधकामवाल्याने सांगितलं. पावसाळ्यात खालच्या भूजलाचा दाब असतो, रिकामी टाकी उचलली जाते, फरशा फुटतात. काढलेलं पाणी चार दिवस उन्हात निवांत ठेवून क्लोरीन जाऊ दिला, आणि मग 14 घरांचे संडास आणि वाहनं धुवायला वापरलं. नाल्यात थेंब सोडला नाही. याच ऑक्टोबरात कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, शहरात सामील झालेल्या 110 गावांसाठी दिवसाला 77 कोटी 50 लाख लिटर. आनंद झाला, पण पुलासाठी ते नळाचं पाणी नाही मागायचं, हेही वहीत लिहून ठेवलं.

पावसाचं पाणी मऊ, त्यात कॅल्शियम नाहीच म्हटलं तरी चालेल. फार मऊ पाणी आपली भूक सिमेंटमधून भागवतं, भिंती खरवडतं. फार कडक पाणी पुटं चढवतं. या तोलाचं गणित कॅलिफोर्नियाच्या लँगेलिअर नावाच्या प्राध्यापकाने 1936 मध्ये मांडलं. आमच्याकडे निसर्गानेच दोन्ही टोकं दिली होती. छतावरचं मऊ, जमिनीतलं कडक. मिसळल्यावर कडकपणा 250 च्या आसपास आला. उरलेली अल्कली खाली आणायला ॲसिड लागलं, 60 हजार लिटरला 10 पीपीएम उतरवायला साधारण सव्वा लिटर, तेही एका वेळी थोडं, पंप चालू ठेवून. अल्कली 100 वर आली तसा पी.एच. रोज वर पळायचा थांबला.

टीसीसीए बंद केलं. आता द्रव हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट येतं, कॅनमध्ये. 10 टक्क्यांचं असेल तर आमच्या पुलाला 600 मिलीलिटरने 1 पीपीएम चढतो. सूर्य मावळल्यावर घालतो, म्हणजे रात्रभर काम करतं. उन्हाळ्यात कॅन सावलीत ठेवावा लागतो, नाहीतर त्याचा जोर उतरतो. पंपाच्या खोलीत दोनशे पानी वही टांगली आहे. क्लोरीन आणि पी.एच. रोज, अल्कली आठवड्याला, कडकपणा आणि सायन्युरिक महिन्याला. रोजचं काम पाच मिनिटांचं. शेजारीण आणि मी दिवस वाटून घेतले आहेत. तिचं हस्ताक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची शिफारस पी.एच. 7 ते 7.8 आणि सायन्युरिक असलेल्या पुलात किमान 2 पीपीएम मोकळा क्लोरीन अशी आहे. आम्ही 4 च्या आसपास ठेवतो. अडकलेला क्लोरीन बहुतेक दिवशी अर्ध्या पीपीएमच्या खाली असतो. पुलाजवळ आता वास येत नाही.

तीन सूचना मात्र मी लाल शाईने लिहून भिंतीला लावल्या आहेत, कारण स्वतः करायला लागलं की हुरूप येतो आणि हुरुपात अपघात होतात. ॲसिड पाण्यात घालायचं, ॲसिडात पाणी नाही. ॲसिड आणि हायपो एका खोलीत शेजारी ठेवायचं नाही. दोन्ही एकत्र सांडले तर ईप्रचा तोच ढग पंपाच्या खोलीत उठेल. आणि टीसीसीए, ब्लीचिंग पावडर एका मापाने किंवा एका डब्यात कधीही नाही, पेट घेते.

राहिला तो मुलगा. त्याचा नंबर मिळवायला मला बरेच दिवस लागले. खरं सांगायचं तर नंबर आठवड्यात मिळाला, फोन करायला बरेच दिवस लागले. इथून काढल्यावर दीड महिना त्याला जागा मिळाली नव्हती, गावाकडे पैसे गेले नव्हते. आता सर्जापूर रस्त्यावरच्या एका मोठ्या संकुलात आहे, दोन पूल सांभाळतो. मी आकडे सांगितले, चूक सांगितली, माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बिडी, मेष्ट्रे." जाऊ द्या. परत इकडे येतोस का विचारलं, तर नाही म्हणाला. तिथे पगार बरा आहे. पुढे त्याने एवढंच विचारलं की मोकळा आणि अडकलेला क्लोरीन वेगळा मोजायचे ते थेंब कुठे मिळतात, त्याच्याकडे अजून पिवळ्या रंगाचीच पेटी आहे. ओटीची, आमच्या गावातल्या त्या माणसाकडे होती तीच. ती सगळा क्लोरीन एकत्र दाखवते, मोकळा किती आणि अडकलेला किती ते सांगत नाही. त्याने ते न मोजताच ओळखलं होतं, अनुभवाने. मला मोजल्याशिवाय ते कळलं नाही, आणि मोजायला मी वर्ष लावलं.

मी त्याला एक पेटी पाठवली. ही भरपाई नव्हे हे मला कळतं.

तुमच्या वसाहतीत पूल असेल आणि त्याला उग्र वास येत असेल तर राखण करणाऱ्यावर ओरडू नका. नळी घ्या, हात कोपरापर्यंत बुडवा, थेंब मोजा. आणि आकडा वहीत लिहून झाल्यावर त्याच माणसाला विचारा, त्याला काय वाटतं ते.